ठाणे खाडीवरचं काम जर्नलपर्यंत कसं न्यायचं

एम.एस्सी.चा प्रकल्प संपला आहे किंवा पीएच.डी.चं एखादं प्रकरण लिहून झालं आहे आणि आता त्याचा पेपर करायचा आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवते. माझे बरेचसे विद्यार्थी खाडीवर काम करतात, कळव्याजवळच्या विटाव्यापासून खाली ऐरोली-वाशीपर्यंत. त्यामुळे उदाहरणं चिखलातली आणि तिवरांमधली येतील. बाकीच्या विषयांतल्यांनी आपापली उदाहरणं घालून वाचावं.

पेपर कोणासाठी लिहायचा, हे आधी पक्कं करा. मी मुलांना एक माणूस डोळ्यासमोर धरायला सांगते. तो कारवारला किंवा सुंदरबनात काम करतो. ठाण्याची खाडी त्याने कधी पाहिलेली नाही, तुमची-त्याची ओळख नाही, आणि तुमचा पेपर वाचून त्याला तसंच काम आपल्या खाडीवर करून बघायचं आहे. शंका आली तर तो तुम्हाला विचारू शकत नाही. जे कळायचं ते छापलेल्या पानावरूनच. जर्नल निवडताना, तक्ता करताना, रिव्ह्यूअरला (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या जाणकाराला) उत्तर देताना, जिथे अडाल तिथे या माणसाला काय लागेल एवढंच बघा. बहुतेक गुंते तिथेच सुटतात.

आधी प्रश्न, मग जर्नल, मग लेखन

थिसिसमध्ये केलेलं सगळं काम दाखवायचं असतं, पेपरमध्ये एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. ‘ठाणे खाडीतील जैवविविधतेचा अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘पावसाळ्यात क्षारता उतरते तेव्हा विटावा आणि वाशी इथल्या चिखलातल्या पॉलिकीट (अंगावर राठ केस असलेल्या, वलयांच्या) कृमींची संख्या सारखीच बदलते का?’ हा प्रश्न आहे. खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब, वरच्या टोकाला अरुंद आणि उल्हास नदीच्या पाण्याशी जोडलेली, खाली मुंबई बंदराकडे रुंद होत जाणारी. ही रचना माहीत असेल तर असा प्रश्न का विचारावा, हे प्रस्तावनेत चार वाक्यांत सांगता येतं.

इंग्रजीत लिहायला बसण्याआधी मराठीत चार वाक्यं लिहा: काय विचारलं, कसं पाहिलं, काय दिसलं, आणि त्यामुळे आधीच्या माहितीत काय भर पडली किंवा काय बदललं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी हे आग्रहाने करायला लावते, आणि इंग्रजी माध्यमातल्यांनाही. विचार कच्चा असेल तर इंग्रजी वाक्यांच्या घोळात तो लपून जातो, मराठीत चटकन उघडा पडतो. चौथं वाक्य लिहिता येत नसेल तर पेपर अजून तयार नाही. अशा वेळी आणखी नमुने घ्यावे लागतील किंवा आधीचं प्रकाशित काम आणखी वाचावं लागेल.

चार वाक्यं जमली की जर्नल निवडा. लेखन त्यानंतर. एक जर्नल छोट्या टिपणांना जागा देतं, दुसऱ्याला जिल्ह्याबाहेर अर्थ असलेला निष्कर्षच हवा असतो, तिसरं प्रजातींच्या नोंदी आनंदाने घेतं. आपल्याकडच्या निसर्ग-अभ्यासकांसाठी १८८६ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ आहे, बेंगळुरूहून १९३२ पासून निघणारं ‘करंट सायन्स’ आहे, समुद्रविज्ञानासाठी ‘इंडियन जर्नल ऑफ जिओ-मरीन सायन्सेस’ आहे, नोंदी आणि संवर्धनासाठी ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ आहे. प्रत्येकाची जात वेगळी. वेबसाइटवरचं ‘एम्स अँड स्कोप’ वाचाच, पण त्यावर थांबू नका. गेल्या दोन वर्षांतल्या अंकांची अनुक्रमणिका चाळा आणि तुमच्या विषयाजवळचे चार-पाच पेपर पूर्ण वाचा. तुमच्या संदर्भयादीत त्या जर्नलमधला एकही पेपर येत नसेल, तर बहुधा दार चुकलं आहे.

पैसे उकळणाऱ्या बोगस जर्नलांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातली चांगली मुलं तिथे अडकताना पाहिली आहेत आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. पद्धत साधारण ठरलेली असते. अनोळखी मेल येतो, त्यात तुमची भरभरून स्तुती असते, दोन-तीन दिवसांत स्वीकृतीची हमी असते, आणि आयुर्वेदापासून यंत्र अभियांत्रिकीपर्यंत सगळे विषय एकाच अंकात चालतात. दोन-तीन दिवसांत कोणीही पेपर नीट तपासत नाही. तेव्हा पुढच्या गोष्टी स्वतः पाहा. आयएसएसएन (प्रत्येक जर्नलला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर टाकून त्याच नावाचं जर्नल येतं का? ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणारं, असेल तर डीओएजे या अशा जर्नलांच्या जागतिक यादीत आहे का? छापलेल्या पेपरवरचा डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल क्रमांक) क्लिक केल्यावर खरंच तो पेपर उघडतो का? संपादक मंडळातली माणसं आपल्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख करतात का? स्कोपस या पेपरांच्या मोठ्या सूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्या स्रोतयादीत शोधा आणि ‘डिसकंटिन्यूड’ असा शेरा नाही ना, हेही बघा. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून उभ्या केलेल्या नकली वेबसाइटही असतात; म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नका, खरा पत्ता या याद्यांमधून घ्या.

‘यूजीसी केअर लिस्टमध्ये आहे का, मॅडम?’ हा प्रश्न अजून रोज येतो. ती मान्य जर्नलांची यादी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जर्नलची पारख कोणत्या निकषांवर करायची, याची सूचक यादी दिली आहे आणि जबाबदारी संस्थांवर व आपल्यावर आली आहे. तसंच, पीएच.डी.चा थिसिस देण्याआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, ते मात्र लेखी बघून घ्या. घाई कमी झाली की निवड चांगली होते.

फी घेणारं प्रत्येक जर्नल बोगस नसतं. अनेक ओपन ॲक्सेस जर्नलं प्रकाशनाचा खर्च म्हणून लेखकाकडून एपीसी नावाची फी घेतात. पण ती रक्कम आधीपासून वेबसाइटवर लिहिलेली असते आणि पेपर स्वीकारल्यानंतर मागितली जाते. वाचकांकडून वर्गणी घेणाऱ्या जर्नलांत लेखकाला बहुधा काहीच द्यावं लागत नाही, आणि काही जर्नलं दोघांकडूनही घेत नाहीत. विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून मोठी फी भरावी, असं मला अजिबात वाटत नाही.

नावं आणि परवानग्या

लेखक कोण आणि क्रम काय, हे लेखन सुरू होण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा आणि ठरलेलं एकमेकांना मेलवर पाठवा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आता इतर शाखांतही चालतात: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या दुरुस्तीत भाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि पेपरमधल्या मजकुराची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. विभागप्रमुख म्हणून किंवा प्रयोगशाळा वापरू दिली म्हणून कोणाचं नाव लेखकांत येत नाही. त्यांचे आभार मानावेत. ज्या मुलीने चिखलात उतरून नमुने घेतले, चाळले आणि मोजले, तिला मसुदा वाचायला आणि दुरुस्त करायला द्या, म्हणजे ती लेखकांत येईल. तिला मुद्दाम बाहेर ठेवून ‘आभार’मध्ये टाकणं अन्याय आहे.

कोळीवाड्यातल्या माणसांचंही तसंच. चिंबोऱ्या कुठे भेटतात, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) कोणत्या चिखलात जास्त, बोय मासे कधी वर चढतात, हे आपल्याला होडीतल्या माणसाने सांगितलेलं असतं. पेपरमध्ये ते ‘स्थानिक माहिती’ म्हणून विरून जाऊ देऊ नका. त्यांच्या संमतीने नाव आणि गाव लिहा. मुलाखती पद्धतशीर घेतल्या असतील तर संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधी लागते; मुलाखती झाल्यानंतर ती मिळत नाही.

परवानगीचंही आधीच बघा. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडी रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. अभयारण्याच्या हद्दीत संशोधन करायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन विभागाची परवानगी लागते. जर्नल परवान्याचा क्रमांक आणि तारीख विचारतं. तो कागद स्कॅन करून डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा.

कोणता भाग आधी लिहायचा

छापलेल्या क्रमाने लिहू नका. आधी पद्धती, मग तक्ते आणि आलेख, मग निकाल (रिझल्ट्स), मग चर्चा, मग प्रस्तावना. ॲबस्ट्रॅक्ट आणि शीर्षक शेवटी.

पद्धतींवर सर्वांत जास्त वेळ द्या. आपला कारवारचा माणूस इथेच अडतो. ‘खाडीतून गाळाचे नमुने गोळा केले’ या वाक्याने त्याला काहीही करता येत नाही. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, चौकटीचं किंवा ग्रॅबचं (गाळ उचलणाऱ्या जबड्याचं) माप, किती खोलीपर्यंतचा गाळ, चाळणीचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं की एक मिलिमीटरचं, फॉर्मेलिन किती टक्के, क्षारता कोणत्या उपकरणाने मोजली आणि ते कशावर जुळवून घेतलं, प्रजातीची ओळख कोणत्या किल्लीवरून (ओळख पटवण्याच्या लक्षणसारणीवरून) पटवली. चाळणी बदलली की कृमींची संख्या बदलते, एवढं लक्षात ठेवलं तरी हा तपशील का लागतो ते कळेल.

इथे कोळीबांधवांकडून शिकण्यासारखं आहे. ते पाणी तिथीने सांगतात: अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासची भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. क्षेत्रवहीत तिथीही लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडते. पेपरमध्ये तारीख, वेळ आणि भरती-सारणीतली उंची द्या.

नमुन्यांच्या संख्येबाबत कडक राहा. विटाव्याच्या एकाच चिखलपट्टीवरून घेतलेले पाच नमुने म्हणजे पाच ठिकाणं नव्हेत. ते पाच वेगळे पुरावे धरून चाचणी केली तर फरक आहे त्यापेक्षा पक्का दिसतो. पर्यावरणशास्त्रात या दोषाला १९८४ पासून ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हणतात आणि जाणकार रिव्ह्यूअर तो पहिल्या वाचनात पकडतो. सरासरीपुढे जो आकडा लिहिता तो स्टँडर्ड डेव्हिएशन आहे की स्टँडर्ड एरर, ते तक्त्याखाली स्पष्ट लिहा. सांख्यिकीच्या शिक्षकांना नमुने घेण्याआधी भेटा. नंतर भेटलात तर ते फार तर काय बिघडलं ते सांगू शकतील.

प्रजातींची शास्त्रीय नावं आजची आहेत ना, हे समुद्री जीवांसाठी ‘वर्म्स’ या जागतिक नोंदवहीत तपासा. जुन्या पुस्तकांत लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) ‘फिनिकॉप्टेरस’ या जीनसच्या नावाखाली भेटेल, आता तो ‘फिनिकोनायस मायनर’ आहे. नकाशावर उत्तर दिशा आणि मापपट्टी हवी. आलेख लाल-हिरव्या रंगांच्या फरकावर बेतू नका, काही वाचकांना तो फरक दिसत नाही. एकच माहिती तक्त्यात आणि आलेखात दोनदा देऊ नका.

चर्चेत एक शब्द जपून वापरा: ‘प्रदूषणामुळे’. खाडीच्या काठाने ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा पसरला आहे, त्यामुळे हा शब्द आपसूक लेखणीतून उतरतो. पण तुम्ही धातू मोजले नसतील, सेंद्रिय भार मोजला नसेल, फक्त क्षारता आणि कृमी मोजले असतील, तर तेवढंच म्हणा. बाकीची शक्यता ‘तपासायला हवी’ म्हणून एका वाक्यात ठेवा. मला खाडीची काळजी आहे म्हणूनच हे सांगते. न मोजलेल्या आरोपाचा उद्या सुनावणीत किंवा समितीत काही उपयोग होत नाही, मोजलेला साधा आकडा मात्र टिकतो.

संदर्भांसाठी झोटेरो वापरा, ते मोफत आहे. दुसऱ्याच्या पेपरमधून संदर्भ उचलू नका. मूळ पेपर उघडून वाचा, मगच यादीत घ्या. साम्य तपासणीचा अहवाल काढाल तेव्हा फक्त टक्केवारीकडे बघू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण त्या दहा टक्क्यांत एका पेपरमधला सलग परिच्छेद असेल तर ती चोरीच आहे. उलट, पद्धतींमधल्या ठरावीक शब्दरचनेमुळे टक्केवारी वाढली असेल तर वाक्यं वाकडीतिकडी करून अर्थ बिघडवू नका. एआय साधनाने इंग्रजी सुधारून घेतलं असेल तर जर्नलचं धोरण वाचून तसं नमूद करा. ते साधन लेखक होऊ शकत नाही, आणि त्याने सुचवलेले संदर्भ अनेकदा अस्तित्वातच नसतात.

सबमिट करण्याचा दिवस

पोर्टलवर बसण्याआधी सगळ्यांचे ऑर्किड (संशोधकाला मिळणारे कायमचे ओळखक्रमांक, ORCID) क्रमांक, संस्थेचे पत्ते, निधीचा तपशील, परवान्याचा क्रमांक आणि आकृत्यांच्या वेगळ्या फाईल एका फोल्डरमध्ये ठेवा. फोटो साधारण ३०० डीपीआय लागतात, रेषाचित्रं त्याहून जास्त. ओळींना क्रमांक द्या. रिव्ह्यूअरला लेखकांची नावं दिसू द्यायची नसतील तर पहिल्या पानासोबत आभार आणि वर्ड फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं नावही काढा.

कव्हर लेटर एका पानाच्या आत. प्रश्न काय, उत्तर काय, या जर्नलच्या वाचकाला ते का लागेल, आणि हा पेपर दुसरीकडे दिलेला नाही. एका वेळी एकच जर्नल; निर्णय येईपर्यंत दुसरीकडे पाठवायचा नाही. रिव्ह्यूअर सुचवायला सांगितले तर ज्यांचं काम तुम्ही खरोखर वाचलं आहे अशांची नावं द्या, संस्थेच्या ईमेलसह. आपला गाईड, त्यांचे सहलेखक, शेजारच्या विभागातले सर, ही नावं नकोत.

सबमिट केल्यावर पोर्टल एक पीडीएफ बांधून दाखवतं. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. अक्षांश-रेखांशाची चिन्हं, ग्रीक अक्षरं आणि प्रजातींची तिरकी अक्षरं इथेच बिघडतात.

निर्णय आणि रिव्ह्यूअर

काही दिवसांतच ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ असं उत्तर आलं तर तो पेपर रिव्ह्यूअरपर्यंत गेलेलाच नाही. जर्नलची निवड पुन्हा तपासा आणि पुढे पाठवा. रिव्ह्यूला गेला तर महिने लागतात. तीन-चार महिने काहीच कळलं नाही तर संपादकांना नम्रपणे एक मेल करायला हरकत नाही.

‘मेजर रिव्हिजन’ आलं की मुलं रडवेली होऊन येतात. तो नकार नव्हे. संपादकाला पेपरमध्ये काहीतरी दिसलं आहे म्हणून त्याने दार उघडं ठेवलं आहे. अभिप्राय एकदा वाचा, दोन दिवस बाजूला ठेवा, मग प्रत्येक मुद्दा क्रमांक देऊन वेगळ्या फाईलमध्ये उतरवा. एकही वगळायचा नाही, दोन मुद्दे एकत्र करायचे नाहीत. प्रत्येकाखाली तुमचं उत्तर आणि बदललेल्या ओळींचा क्रमांक. उत्तर इंग्रजीत द्याल, आशय साधारण असा:

‘मुद्दा ३: नमुने भरतीच्या कोणत्या स्थितीत घेतले, ते स्पष्ट नाही.
उत्तर: ही त्रुटी दाखवल्याबद्दल आभारी आहोत. सर्व नमुने उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या तळाच्या सुमारास घेतले होते. हे आता ओळ ११२ ते ११६ मध्ये लिहिलं आहे. प्रत्येक दिवसाची तारीख आणि ओहोटीची उंची पुरवणी तक्त्यात दिली आहे.’

‘आवश्यक बदल केले आहेत’ एवढंच लिहिलं तर रिव्ह्यूअरला सगळा पेपर पुन्हा धुंडाळावा लागतो. तो हे काम बहुधा विनामूल्य, स्वतःच्या वेळात करतो आहे.

रिव्ह्यूअरशी मतभेद असू शकतो आणि तो मांडायचाही असतो. समजा त्याने लिहिलं, ‘जड धातूंचं विश्लेषण का नाही?’ आधी स्वतःची चर्चा वाचा. तिथे ‘प्रदूषणामुळे’ राहून गेलं असेल तर त्याची मागणी रास्त आहे; दावा काढा. तसं काही नसेल तर सांगा की आमचा प्रश्न क्षारतेपुरता आहे, धातूंबद्दल आम्ही काही म्हटलेलं नाही, आणि ही मर्यादा आता ओळ अमुकमध्ये नोंदवली आहे. कारण द्या, आकडा किंवा संदर्भ द्या, सूर शांत ठेवा. दोन रिव्ह्यूअर उलटसुलट सांगत असतील तर तुम्ही कोणता मार्ग घेतला आणि का, ते संपादकांच्या पत्रात लिहा.

नकार आला तरी अभिप्राय फेकून देऊ नका. त्यातल्या रास्त सुधारणा करूनच पुढच्या जर्नलला पाठवा. अभ्यासक्षेत्र लहान असतं, तोच रिव्ह्यूअर पुन्हा भेटतो आणि काहीच न बदललेला मसुदा तो लगेच ओळखतो.

स्वीकृतीनंतर

प्रूफ येतं आणि परत पाठवायला दोन-तीन दिवसच मिळतात. नावांची स्पेलिंग, संस्थेचा पत्ता, तक्त्यांतले दशांश, एककं आणि आकृत्यांचे क्रमांक दोघांनी मिळून तपासा, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ फाईल बघायची. नवीन वाक्यं आता घालता येत नाहीत.

मूळ डेटा झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेवा. त्याला स्वतंत्र डीओआय मिळतो आणि आपल्या कारवारच्या माणसाला आकडे थेट उतरवून घेता येतात. मात्र दुर्मीळ प्रजातीच्या घरट्याची किंवा वसतिस्थानाची नेमकी जागा उघड करू नका. स्वीकृत मसुदा कुठे ठेवता येतो, ते जर्नलच्या करारात वाचा. परवानगीच्या अटीनुसार एक प्रत वन विभागाला द्या. आणि ज्यांच्या होडीतून गेलात त्या कोळीवाड्यात काय सापडलं ते मराठीत, एका पानावर, आलेखासह लिहून नेऊन द्या. तिथे प्रश्न विचारले जातील. ते क्षेत्रवहीत टिपून घ्या, पुढच्या पेपरचा विषय त्यांतून निघतो.